२९८ विरुद्ध ५६ मते मिळूनही जॉन्सन यांचा निवडणुकीचा ठराव का अडला?

पारवा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या अभ्यासगटात निरनिराळ्या देशांतील मुदतपूर्व निवडणुकांवर प्रत्येकाने एकेक टिपण करायचे ठरले असून माझ्या वाट्याला ब्रिटनचे २०१९ हे वर्ष आले आहे. घटनाक्रम वाचून झाला, परंतु एका ठिकाणी माझी गाडी अडली आहे.

४ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मुदतपूर्व निवडणुकीचा ठराव मांडला. बाजूने २९८ मते पडली, विरोधात केवळ ५६, आणि तरीही ठराव फेटाळला गेला. ९ सप्टेंबरला २९३ विरुद्ध ४६ आणि २८ ऑक्टोबरला २९९ विरुद्ध ७० अशी मते पडली, तरी निकाल तोच. मग दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, एक छोटेसे विधेयक आले, ते ४३८ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले आणि १२ डिसेंबरला निवडणूक झालीसुद्धा.

माझे प्रश्न दोन आहेत. दोन तृतीयांश मतांची अट एका साध्या विधेयकाने ओलांडता येत होती, तर जॉन्सन यांनी हा मार्ग पहिल्याच दिवशी का धरला नाही? आणि एरवी ऊठसूट निवडणुकीची मागणी करणारा विरोधी पक्ष, निवडणूक आपण होऊन दारात आली असता, आठ आठवडे दार लावून का बसला?

जुनी फाईल

यातील काही भाग निव्वळ अंकगणिताचा आहे, तो आधी संपवतो. निश्चित मुदतीच्या संसदेविषयी २०११ मध्ये जो कायदा झाला, त्यानुसार मुदतीआधी निवडणूक घ्यायची तर कॉमन्स सभागृहाच्या एकूण जागांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत द्यावे लागे. हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश नव्हे, एकूण जागांच्या. त्यामुळे मुख्य विरोधी पक्षाला, म्हणजे मजूर पक्षाला, विरोधात मत देण्याची गरजच नव्हती. बाकावर बसून राहिले तरी काम भागत होते. सभागृहात कधीच न बसणारे शिन फेनचे सात सदस्यसुद्धा या हिशेबात आपोआप विरोधकांच्या पारड्यात पडत. तेव्हा २९८ विरुद्ध ५६ हे आकडे शेजारी मांडले की डोळ्यांना जे बहुमत दिसते, ते कायद्याच्या दृष्टीने बहुमत नव्हते. २९८ ची तुलना ४३४ शी करायची होती.

हा कायदा कशासाठी आला, हेही टिपणात असावे. २०१० मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि डेव्हिड कॅमेरन यांचा हुजूर पक्ष व निक क्लेग यांचे लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले. थोरला भागीदार आपल्या सोयीची वेळ साधून निवडणूक लावील आणि धाकट्याला वाऱ्यावर सोडील, ही भीती त्या संसाराच्या पहिल्या दिवसापासून होती. आघाडीच्या मूळ करारात तर ५५ टक्क्यांची अट होती, ती टीकेनंतर दोन तृतीयांशवर गेली. घटनात्मक सुधारणा म्हणून या कायद्याचा गौरव झाला खरा. मला मात्र तो दोन भागीदारांनी एकमेकांवर अविश्वास ठेवून घातलेल्या कुलपासारखा वाटत आला आहे.

आता खरी गोम. ठराव संमत झाला की मतदान कोणत्या दिवशी व्हायचे, हे २०११ च्या कायद्याने सभागृहाच्या हाती ठेवलेच नव्हते. पंतप्रधान शिफारस करणार आणि त्यानुसार राणी दिवस जाहीर करणार, अशी तरतूद होती. जॉन्सन सभागृहात १५ ऑक्टोबर ही तारीख सांगत होते, परंतु त्यांचा शब्द हीच काय ती हमी. ३१ ऑक्टोबरला कराराविनाच ब्रिटन युरोपीय संघातून आपोआप बाहेर पडणार होता. सभागृहाने विसर्जनाला संमती द्यावी, मग पंतप्रधानांनी तारीख नोव्हेंबरात ढकलावी आणि मधल्या काळात अडवायला संसदच अस्तित्वात नसावी, हा डाव कायद्याच्या चौकटीत बसत होता. ज्या पंतप्रधानांनी आठवडाभरापूर्वीच संसदेचे कामकाज पाच आठवडे स्थगित करण्याचा सल्ला राणीला दिला होता, आणि जे स्थगन पुढे २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी एकमताने बेकायदा ठरवले, त्यांच्या तोंडी शब्दावर विरोधकांनी विसंबावे अशी अपेक्षाच चुकीची होती.

म्हणून विरोधकांनी क्रम उलटा लावला. आधी मजूर पक्षाचे हिलरी बेन यांचे विधेयक मंजूर करून घेतले: १९ ऑक्टोबरपर्यंत संसदेने करार किंवा करारविना निर्गमन यांपैकी काहीच मान्य केले नाही, तर पंतप्रधानांनी युरोपीय संघाकडे ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदतवाढ मागितलीच पाहिजे. निवडणुकीचे त्यानंतर पाहू. ते पत्र १९ ऑक्टोबरच्या रात्री गेले, तेही सहीविना; सोबत मुदतवाढ ही चूक ठरेल असे सांगणारे दुसरे पत्र मात्र सही करून. २८ ऑक्टोबरला युरोपीय संघाने मुदतवाढ दिली आणि दुसऱ्या दिवशी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी निवडणुकीला होकार दिला.

आता विधेयकाविषयी. ब्रिटनमध्ये संसद सर्वोच्च असल्यामुळे एका कायद्याने घातलेली अट दुसरा साधा कायदा साध्या बहुमताने बाजूला सारू शकतो. विधेयकाचा आणखी एक गुण असा की मतदानाची तारीख त्यातच छापलेली होती. पंतप्रधानांना ती हलवता येणार नव्हती. परंतु विधेयक म्हटले की दुरुस्त्या आल्या. सोळा वर्षांच्या मुलांना मत द्या, युरोपीय नागरिकांना मत द्या, अशा सूचना तयारच होत्या. ३ सप्टेंबरला, बेन यांच्या विधेयकाची वाट मोकळी करणाऱ्या मतदानात, स्वतःच्या पक्षातील २१ जणांनी सरकारच्या विरोधात मत दिलेले असताना, सभागृह कोणत्या दुरुस्त्या चिकटवून विधेयक परत करील याचा भरवसा सरकारला नव्हता. २९ ऑक्टोबरलाही त्या दुरुस्त्या दाखल झाल्याच होत्या, परंतु समितीच्या टप्प्यावर पीठासीन असलेल्या लिंडसे हॉईल यांनी त्या मतदानासाठी निवडल्या नाहीत. जॉन्सन यांचा जीव तेव्हा भांड्यात पडला असेल.

कडक चहा

‘जुनी फाईल’ यांचे विवेचन बिनचूक आहे, परंतु त्यात मजूर पक्ष फारच तत्त्वनिष्ठ दिसतो. तारखेची भीती खरी होती हे मान्य. पण ती सोयीचीही होती, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

मजूर पक्षाला त्या शरद ऋतूत निवडणूक नकोच होती, कारण युरोपच्या प्रश्नावर तो पक्ष आतून दुभंगलेला होता. उत्तर इंग्लंडमधील त्याचे जुने मतदारसंघ बाहेर पडण्याच्या बाजूचे, लंडनमधील त्याचे मतदार राहण्याच्या बाजूचे, आणि नेतृत्व दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे. जॉन्सन यांचा प्रस्ताव म्हणजे हिमगौरीला दुष्ट राणीने देऊ केलेले सफरचंद आहे, असे कॉर्बिन यांनी ४ सप्टेंबरला सभागृहात म्हटले होते. उपमा झकास होती. फक्त विषाबरोबर भुकेचाही प्रश्न होता, आणि मजूर पक्षाला त्या वेळी भूक नव्हती.

याच पक्षाने अडीच वर्षांपूर्वी काय केले होते ते पाहा. १९ एप्रिल २०१७ रोजी थेरेसा मे यांनी नेमका असाच ठराव त्याच कायद्याखाली मांडला, तेव्हा तो ५२२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. तेव्हाही तारीख पंतप्रधानांच्याच शिफारशीने ठरणार होती, आणि कोणी ब्र काढला नाही. निकालात मे यांनी असलेले बहुमत घालवले, ३१७ जागांवर त्या अडकल्या आणि उत्तर आयर्लंडच्या दहा सदस्यांच्या टेकूवर त्यांना सरकार चालवावे लागले. २०१९ चे अख्खे संकट त्या एका जुगारातून जन्मले, असे मी म्हणेन.

शिवाय कोंडी फुटली ती मजूर पक्षाच्या होकाराने, हेही अर्धेच खरे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लिबरल डेमोक्रॅट आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी यांनीच ९ डिसेंबर ही तारीख घालून निवडणुकीच्या विधेयकाची कल्पना पुढे आणली. या दोघांना आपापल्या भागात वारे अनुकूल वाटत होते. ते सरकारबरोबर गेले की साधे बहुमत झालेच, मग मजूर पक्षाने बाकावर बसून काय उपयोग? कॉर्बिन यांच्या होकाराला मुदतवाढीचे कारण होते, पण हातातून दोरी निसटलेली होती हेही कारण होतेच. त्या दिवशी मजूर पक्षाच्या बऱ्याच सदस्यांनी मतदानच केले नाही, यावरून पक्षातील उत्साह किती होता ते कळते.

पारवा

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न. त्याच कायद्यात अविश्वास ठरावाचीही वाट होती आणि तिला साधे बहुमत पुरेसे होते, असे दिसते. मग कॉर्बिन यांनी अविश्वास ठराव आणून सरकार का पाडले नाही? किंवा उलट, जॉन्सन यांनी स्वतःवरच अविश्वास आणवून घेऊन निवडणूक का ओढवून घेतली नाही?

जुनी फाईल

‘कडक चहा’ यांचा २०१७ चा दाखला मला मान्य आहे. फरक इतकाच की तेव्हा दारात ३१ ऑक्टोबर उभा नव्हता.

अविश्वासाच्या वाटेत १४ दिवसांचा एक टप्पा होता. ठराव संमत झाला की चौदा दिवसांत कोणत्यातरी सरकारने विश्वासमत मिळवायचे. ते न घडल्यास निवडणूक, आणि तिची तारीख पुन्हा पंतप्रधानांच्याच शिफारशीने. सप्टेंबरात सरकार पाडावे, जॉन्सन यांनी ते चौदा दिवस खुर्चीत बसून काढावेत आणि पुढे तारीख नोव्हेंबरची लावावी, म्हणजे विरोधकांनी स्वतःच्या हाताने तेच घडवून आणले असते जे त्यांना टाळायचे होते. यातून सुटायचे तर चौदा दिवसांत पर्यायी पंतप्रधानावर एकमत हवे. ऑगस्टमध्ये कॉर्बिन यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली अल्पकाळाचे सरकार सुचवले, तर लिबरल डेमोक्रॅट नेत्या जो स्विन्सन यांनी त्याला नकार देऊन केनेथ क्लार्क किंवा हॅरिएट हार्मन यांची नावे पुढे केली. जॉन्सन नकोत यावर सभागृहात बहुमत होते. कोण हवे यावर कधीच झाले नाही.

आणि जॉन्सन यांनी स्वतःवर अविश्वास आणवून घेण्याची चर्चा झालीही होती, परंतु त्यांच्यासाठी तेच चौदा दिवस उलटे धोक्याचे होते. सरकार पडल्याच्या क्षणी विरोधकांत कधी नव्हे ती एकी झाली असती, तर सत्ता थेट हातची गेली असती. जर्मनीत ही चाल रुळलेली आहे. तेथील घटनेच्या ६८ व्या कलमाखाली चान्सेलर विश्वासमत मागतात, ठरवून हरतात आणि मग राष्ट्राध्यक्ष संसद विसर्जित करतात. गेरहार्ड श्रोडर यांनी जुलै २००५ मध्ये हेच केले. ओलाफ शोल्त्स यांनी १६ डिसेंबर २०२४ रोजी केले, तेव्हा बाजूने २०७, विरोधात ३९४ आणि तटस्थ ११६ अशी विभागणी झाली. हरण्यासाठी ठराव मांडून हरल्यावर पंतप्रधानाने समाधानाने घरी जायचे, हे आपल्याकडच्या राजकारण्यांना समजावून सांगणे कठीण आहे.

ओसरी

आपल्याकडचा विषय निघालाच आहे, तर या दोन्ही पद्धतींतील एक मोठा फरक टिपणात यावा असे वाटते. भारतात पंतप्रधान लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला राष्ट्रपतींना देऊ शकतात, पण मतदानाच्या तारखा घटनेच्या ३२४ व्या कलमामुळे निवडणूक आयोग ठरवतो. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून वेस्टमिन्स्टरमध्ये आठ आठवडे झोंबी चालली, ती आपल्याकडे सरकारच्या हातात मुळातच नाही. गुजरातमध्ये जुलै २००२ मध्ये विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली, सत्ताधाऱ्यांना निवडणूक तातडीने हवी होती, आणि आयोगाने मतदारयाद्यांची व राज्यातील परिस्थितीची कारणे देऊन नकार दिला. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे ही १७४ व्या कलमाची अट विसर्जित सभागृहाला लागू नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर दिले आणि तारखेचा अधिकार आयोगाकडेच राहिला. मतदान शेवटी झाले ते १२ डिसेंबर २००२ रोजी. ब्रिटनच्या तारखेशी दिवस जुळला हा निव्वळ योगायोग.

मात्र विसर्जन हे शस्त्र म्हणून कसे वापरले जाते, याचे आपल्याकडचे उदाहरण १९७९ चे. लोकसभेतील विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी जुलैमध्ये मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. जनता पक्षाला गळती लागली आणि मतदानाआधीच मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी आधी चव्हाणांना सरकार बनवता येते का ते पाहण्यास सांगितले. त्यांचे संख्याबळ जुळले नाही. मग २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला तेव्हा चरणसिंग यांनी २० ऑगस्टला, विश्वासमत मांडायच्या दिवशीच, लोकसभेला सामोरे न जाता राजीनामा दिला आणि विसर्जनाचा सल्ला दिला. जगजीवनराम सरकार बनवण्याचा दावा करत होते, तरी राष्ट्रपतींनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. एकदाही विश्वासमत न जिंकलेल्या पंतप्रधानाचा सल्ला राष्ट्रपतींनी मानावा का, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. मला विचाराल तर मानायला नको होता. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या, आणि ज्यांनी सरकार पाडले त्यांच्यापैकी कोणाच्याच पदरी काही पडले नाही.

आणखी एक. ‘जुनी फाईल’ यांनी ज्या २१ बंडखोरांचा उल्लेख केला, त्यांच्यातील केनेथ क्लार्क, फिलिप हॅमंड आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स यांना पक्षाने बाहेर काढले, तरी त्यांची खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडे १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची जागाच जाऊ शकते. लंडनमध्ये ३ सप्टेंबरला जे घडले ते दिल्लीत घडले असते, तर ते २१ सदस्य दुसऱ्या दिवसापासून अपात्रतेच्या सुनावण्यांत अडकले असते आणि बेन यांचे विधेयक कदाचित मतदानापर्यंत पोहोचलेही नसते.

थेम्सकाठी

मी त्या वर्षी लंडनमध्ये होतो आणि ३ सप्टेंबरचे कामकाज कचेरीतून चोरून पाहत होतो. जॉन्सन जी-७ परिषदेवर निवेदन करत असताना त्यांच्याच पक्षाचे फिलिप ली सभागृहात आले आणि समोरच्या बाजूला लिबरल डेमोक्रॅट सदस्यांत जाऊन बसले. पंतप्रधान बोलतच होते. ली यांनी मधली जागा ओलांडली तेवढ्यात सरकारचे बहुमत संपले होते, आणि हे कळायला मतमोजणीची गरज पडली नाही.

तारखेच्या भांडणातील एक बारकावा येथे आलेला नाही. २९ ऑक्टोबरला मजूर पक्षाने १२ ऐवजी ९ डिसेंबर करावे अशी दुरुस्ती आणली आणि ती २९५ विरुद्ध ३१५ अशी पडली. तीन दिवसांवरून सभागृह दुभंगावे याचे बाहेरच्याला हसू येईल. पण त्याच सुमारास विद्यापीठांची सत्रे संपतात, आणि १२ तारखेपर्यंत पुष्कळ विद्यार्थी गावी गेलेले असतील, तर मजूर पक्षाची मते विद्यापीठांच्या शहरांत विरळ होतील, हा हिशेब दोन्हीकडे होता.

डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक होण्याची १९२३ नंतरची ती पहिलीच वेळ. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील संसदेसाठी मत देता येते, त्यामुळे भारतीय पारपत्र खिशात ठेवून मीही गेलो. चर्चच्या सभागृहात मतदान होते; बाहेर चारच्या आधीच अंधार पडलेला, आत दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. ओळखपत्र तेव्हा कोणी मागत नसे आणि बोटाला शाईही लावत नसत, त्यामुळे परतताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहिले. रात्री दहाच्या ठोक्याला मतदानोत्तर अंदाज आला, त्यात हुजूर पक्षाला ३६८ जागा होत्या. प्रत्यक्षात ३६५ मिळाल्या, मजूर पक्ष २०२ वर आला. निवडणुकीसाठी पुढाकार घेणाऱ्या स्विन्सन यांची स्वतःची जागा १४९ मतांनी गेली, आणि ती जिंकली त्यांच्या ऑक्टोबरातल्या सहकारी पक्षाने, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीने.

पारवा

माझ्या टिपणात ‘ठराव बहुमताने फेटाळला’ असे वाक्य होते. ते खोडून ‘ठरावास बहुमत मिळाले, परंतु ४३४ ही आवश्यक संख्या गाठता न आल्याने तो संमत झाला नाही’ असे केले आहे. २०११ चा तो कायदा मार्च २०२२ मध्ये रद्द होऊन विसर्जनाचा अधिकार पुन्हा पूर्वीसारखा पंतप्रधानांच्या सल्ल्याकडे गेला, एवढी ओळ शेवटी जोडतो. आणि २९ ऑक्टोबरच्या ४३८ मतांपुढे कंसात ‘४३४ पेक्षा चार अधिक’ असे लिहिले आहे. ज्या दिवशी दोन तृतीयांशची गरज उरली नव्हती, नेमके त्याच दिवशी ते भरले.